दुसरा स्विच विकण्याआधी



गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला आपापली कोटेशनं तपासायला पाठवली. सीसीटीव्ही, ऑफिसचं नेटवर्किंग, हॉटेलमधले आयपीटीव्ही असं काम करणारी, किंवा लवकरच सुरू करणारी ही मंडळी. कोटेशनं नीटनेटकी होती. जीएसटी वेगळा दाखवलेला, वॉरंटी लिहिलेली, ॲडव्हान्स किती तेही स्पष्ट. पण एक ओळ जवळजवळ प्रत्येकात सारखी: ‘कोअर स्विच, २ नग, रिडंडन्सीसाठी.’ हे दोन नग एकमेकांशी कसे वागणार, ते कोण ठरवणार, त्याला किती दिवस लागणार आणि त्याचे पैसे किती, याबद्दल खाली एक अक्षर नाही. ‘इन्स्टॉलेशन’ या एका शब्दात सगळं उरकलेलं.

माझं मत सरळ सांगतो, राग आला तरी चालेल. नीट कॉन्फिगर न केलेली दोन स्विचची जोडी ही एका स्विचपेक्षा जास्त धोकादायक असते. एकटा स्विच मेला तर मेला, दिवे विझतात, कुणालाही कळतं. जोडी बिनसली तर दिवे जोरात लुकलुकत असतात, पंखे फिरत असतात आणि सगळी इमारत ठप्प. ज्याला लूप आणि मल्टिकास्ट सांभाळता येत नाही त्यानं जोडी विकूच नये. एक विकावा आणि चांगला विकावा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी स्वतःची फजिती झालेली आहे.

मी ट्रेनिंगमध्ये येण्याआधी नेटवर्किंगची कामं घ्यायचो. थंड हवेच्या ठिकाणी ४२ खोल्यांचं एक हॉटेल होतं. दोन कोअर स्विच, एकत्र स्टॅक केलेले. प्रत्येक मजल्यावर एक स्विच आणि त्याला दोन्ही कोअरकडून एकेक केबल, दोन्ही केबल मिळून एक लॅग. रॅक बघून मालक खूश, मी त्याहून खूश. फक्त एक तक्रार होती. खोलीतला टीव्ही चालू केला की आयपी ॲड्रेस मिळायचा नाही, दोनतीनदा बंद-चालू करावा लागायचा. मी एका अनुभवी माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, एसटीपी बंद करून टाक, ते उगाच वेळ खातं.” मी केलं बंद. टीव्ही झटक्यात चालू व्हायला लागले. मला वाटलं, विद्या मिळाली!

दोनेक महिन्यांनी, रविवारी सकाळी, चेक-आउटच्या ऐन गर्दीत फोन. बिलिंग बंद, टीव्ही बंद, वायफाय बंद, रिसेप्शनचे फोन बंद. मी म्हणालो, दोन्ही स्विच बंद करून चालू करा. त्यांनी केले. दोन मिनिटं बरं वाटलं, की पुन्हा तेच. रिसेप्शनवरची मुलगी कागदावर हातानं बिलं लिहीत होती आणि मी पुण्याहून गाडी हाणत होतो. पोचल्यावर मजल्यांच्या केबल एकेक करून उपटल्या. तिसऱ्या मजल्याची जोडी काढली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. वर जाऊन बघितलं, तर पॅन्ट्रीत एक पॅच कॉर्ड. एक टोक भिंतीतल्या पोर्टात आधीपासूनच होतं, दुसरं लोंबत होतं. साफसफाई करताना कुणीतरी सद्हेतूनं ते शेजारच्या पोर्टात नीट बसवून ठेवलं होतं. त्या माणसाची काडीची चूक नव्हती. चूक माझी होती.

आता हे एवढ्याशा वायरीनं कसं होतं ते समजून घ्या. आयपी पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटरपाशी तो एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून दिलं जातं. खालच्या थरातल्या इथरनेट फ्रेमवर असा आकडाच नसतो. स्विचला ब्रॉडकास्ट फ्रेम मिळाली, की ज्या पोर्टातून आली तेवढं सोडून बाकी सगळ्यांतून तो ती पुढे पाठवतो. गावात अफवा अशीच फिरते. ज्यानं सांगितली त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायची. गावात कधीतरी लोक कंटाळतात, स्विच कंटाळत नाही. गोल रस्ता मिळाला की तीच फ्रेम फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळीकडे जातात आणि काही सेकंदांत लिंक भरून जाते. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा उपाय जुना आहे. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, म्हणजे आपला एसटीपी, तयार केला. १९९० मध्ये तो आयईईई ८०२.१डी या मानकात आला. कल्पना साधी. सगळे स्विच मिळून एकाला मुख्य मानतात, त्याला रूट म्हणायचं. प्रत्येक जण रूटकडे जाणारा सगळ्यात स्वस्त रस्ता धरतो आणि गोल पूर्ण करणारे बाकीचे रस्ते अडवून ठेवतो. चालू रस्ता तुटला तर अडवलेला उघडतो. पण जुन्या एसटीपीत पोर्ट चालू होताना १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. माझ्या हॉटेलातले टीव्ही त्या ३० सेकंदांत आयपी मागून मागून थकत होते! २००१ साली आलेल्या रॅपिड एसटीपीनं स्विच-स्विचमधली वाट पाहणी खूपच कमी केली. आणि टीव्ही, कॅमेरा, संगणक यांच्या पोर्टाला ‘एज पोर्ट’ म्हणून सांगितलं की तो लगेच चालू होतो. काही कंपन्या त्यालाच पोर्टफास्ट म्हणतात. म्हणजे मला फक्त प्रत्येक टीव्ही पोर्टाला एक ओळ लिहायची होती. ती माहीत नव्हती म्हणून मी इमारतीचा ब्रेकच काढून टाकला.

एज पोर्टासोबत बीपीडीयू गार्ड लावा. एज पोर्टावर स्विचची भाषा ऐकू आली, तर याचा अर्थ तिथे टीव्ही नाही, कुणीतरी स्विच किंवा गोल वायर लावली आहे. गार्ड तो पोर्ट बंद करतो. पॅन्ट्रीतली ती कॉर्ड बसल्या क्षणी एक पोर्ट मेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण काही स्वस्त बिनमॅनेज्ड स्विच ही भाषा पुढे जाऊच देत नाहीत, मग त्यांच्यामागचा लूप एसटीपीला दिसत नाही. म्हणून स्टॉर्म कंट्रोलही लावायचा, ब्रॉडकास्टला ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारा.

आणि रूट कोण, हे तुम्ही ठरवा. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी कारखान्यातून ३२७६८ येते. जो आकडा लहान, तो रूट. सगळ्यांचे सारखे असतील तर ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो जिंकतो, आणि लहान मॅक बहुधा सगळ्यात जुन्या डब्याचा असतो. म्हणजे दीड लाखाचा कोअर बाजूला आणि जिन्याखालचा जुना स्विच सरपंच! पहिल्या कोअरला ४०९६ द्या, दुसऱ्याला ८१९२. दोन मिनिटांचं काम आहे.

‘हे आपल्यासारख्या छोट्यांचे प्रॉब्लेम’ असं वाटत असेल तर नोव्हेंबर २००२ मधलं बोस्टनचं बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर आठवा. मोठं, नावाजलेलं हॉस्पिटल. नेटवर्क वर्षानुवर्षं जोडत जोडत वाढवलेलं, आणि एका टप्प्यावर स्पॅनिंग ट्रीला ते झेपेना. काही दिवस डॉक्टर आणि नर्स कागदावर ऑर्डरी लिहीत होते. तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हॅलम्का यांनी ही गोष्ट लपवली नाही, उघडपणे सांगितली, म्हणून आज जगभर शिकवली जाते. माझ्या हॉटेलात फक्त बिलं अडली होती.

लूपचं असं. आता दुसरा भाग, जो कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही: मल्टिकास्ट.

हॉटेलच्या हेडएंडवरून ६० चॅनेल येतात असं धरा, प्रत्येकी ४ एमबीपीएस. सगळे मिळून २४० एमबीपीएस. प्रत्येक टीव्हीला वेगळी प्रत पाठवायची नाही. एका गट-पत्त्यावर चॅनेल सोडायचा आणि ज्याला हवा त्यानं ‘मला द्या’ म्हणायचं. हे मल्टिकास्ट. ‘मला द्या’ म्हणण्याची भाषा म्हणजे आयजीएमपी. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल तर तो हे मागणं ऐकतो आणि ज्या पोर्टानं मागितलं त्यालाच चॅनेल देतो. बंद असेल तर मल्टिकास्टलाही ब्रॉडकास्टसारखंच वागवतो, सगळ्यांना सगळं. आता हिशेब करा. बऱ्याच टीव्हींचा आणि सेट-टॉप बॉक्सचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो. त्याच्यात २४० ओतताय. चित्र चौकोन चौकोन होणारच. वायफायचं तर विचारू नका. ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा सगळ्यात हळू वेगानं हवेत सोडतो, कारण सगळ्यांना पोचायला हवं. दोन चॅनेल हवेत गेले तरी पाहुणे रिसेप्शनला फोन करतात.

“सर, मी स्नूपिंग चालू केलंय,” असं म्हणाल. छान. क्वेरियर कोण आहे?

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. लॉजमध्ये डेमो दिला, सगळे टीव्ही सुरेख, मालकानं सही केली, चहा मागवला. चहा येईपर्यंत टीव्ही एकामागून एक थिजले. चॅनेल बदलला की पुन्हा चालू, चारेक मिनिटांनी पुन्हा बंद. त्यानं टीव्ही कंपनीला दोष दिला, केबल बदलल्या, हेडएंडवाल्याशी भांडला. दोष एका न लिहिलेल्या ओळीचा होता. टीव्ही चॅनेल लावताना एकदा ‘मला द्या’ म्हणतो. स्विच ते वहीत लिहून ठेवतो, पण कायमचं नाही. मधूनमधून कुणीतरी ‘अजून हवंय का?’ असं विचारायचं असतं, तो क्वेरियर. मानकातली मूळ मूल्यं अशी, की दर १२५ सेकंदांनी विचारणा होते, आणि २६० सेकंदांत उत्तर आलं नाही तर स्विच नाव खोडतो. क्वेरियरच नसेल तर विचारणार कोण? २६० सेकंद म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. टीव्ही लावल्यावर चारेक मिनिटांनी थिजतो अशी तक्रार आली, की मी आता फोनवरच विचारतो, क्वेरियर लावलाय का?

जोडीमध्ये क्वेरियर दोन्ही कोअरवर लावावा. ज्याचा आयपी लहान तो काम करतो, दुसरा गप्प बसून लक्ष ठेवतो. पहिला मेला, तर दुसरा मूळ मूल्यांप्रमाणे २५५ सेकंद वाट बघून उभा राहतो. वहीतली नावं खोडली जाणार २६० ला. वेळ अगदी काठावर आली की नाही? नव्या विचारणेला उत्तर द्यायला टीव्ही आणखी काही सेकंद घेतात, तेवढ्यात काही चॅनेल तुटू शकतात. म्हणून विचारणेचा काळ कमी करा आणि सगळ्या स्विचवर तोच ठेवा. हे वाक्य ज्याला समजलं त्याच्या कोटेशनमध्ये ‘रिडंडन्सी’ हा शब्द शोभतो.

गट-पत्ते कुठले घ्यायचे, यातही लोक फसतात. मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५. त्यातला २३९ नं सुरू होणारा भाग आपल्या आवारात वापरायला आहे. पण आयपी पत्त्यातले फक्त शेवटचे २३ बिट मॅक ॲड्रेसमध्ये उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या गटांचा मॅक एकच होतो. २२४.०.०. नं सुरू होणारे पत्ते नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी राखीव असतात आणि स्विच ते सगळीकडे सोडतोच. तुम्ही २३९.०.०.५ असा पत्ता दिलात तर मॅकच्या पातळीवर तो २२४.०.०.५ चा जुळा भाऊ ठरतो, आणि मॅक बघून काम करणारा स्विच तुमचा चॅनेल सगळ्यांना वाटत बसतो, स्नूपिंग चालू असूनही. २३९.१०.१. पासून सुरू करा, कटकट मिटली.

आता या दोन विषयांची गाठ कुठे पडते ते बघा, कारण इथे भलेभले चकतात. एज पोर्ट न लावलेला एखादा टीव्ही पाहुण्यानं चालू केला, की स्पॅनिंग ट्रीला वाटतं, नेटवर्कचा नकाशा बदलला. नकाशा बदलला की स्विच आपली शिकलेली नोंद पुसतात, आणि बरेच स्विच खबरदारी म्हणून काही काळ मल्टिकास्ट सगळीकडे सोडतात. म्हणजे २०४ नंबरच्या पाहुण्यानं टीव्ही लावला आणि ३१० मधल्याचं चित्र फुटलं! संध्याकाळी सात ते नऊ, जेव्हा सगळे टीव्ही लावतात, तेव्हाच तक्रारी. दुपारी तुम्ही तपासायला जाल तर सगळं चकाचक. लूप आणि मल्टिकास्ट वेगवेगळे धडे म्हणून शिकलात तर हा दोष जन्मात सापडणार नाही.

राउटिंगबद्दल थोडं. हेडएंड एका व्हीलॅनमध्ये आणि टीव्ही दुसऱ्यात असतील तर मल्टिकास्ट राउट करावं लागतं. त्यासाठी पिम स्पार्स मोड. त्यात एक रॉन्देवू पॉइंट लागतो, आरपी म्हणा. जिथे देणारा आणि मागणारा पहिल्यांदा भेटतात ती जागा. इथे लूप टाळायची पद्धत उलटी आहे. राउटर बघतो, की हा प्रवाह ज्या बाजूनं आला, त्याच बाजूनं मी परत उगमाकडे गेलो असतो का? हो, तर पुढे पाठव. नाही, तर टाकून दे. याला आरपीएफ तपासणी म्हणतात. जोडीत दोन्ही स्विच एकाच व्हीलॅनवर राउटर म्हणून उभे असतात, म्हणून त्यातल्या एकाला मुखत्यार निवडतात. मुखत्यार मोठ्या आयपीचा होतो आणि क्वेरियर लहान आयपीचा. दोन कामं दोन डब्यांवर दिसली तर घाबरू नका, तो दोष नाही. आरपी मात्र एकाच डब्यावर ठेवलात आणि तोच मेला, तर नवीन चॅनेल लागायला अडचण येते. मग जोडीचे पैसे कशाचे घेतले? दोन्हीवर एकच आरपी पत्ता ठेवून ॲनीकास्ट आरपी करता येतो, पण ते शिकून करा. आणखी एक. बरेच एन्कोडर प्रवाहावर आयुष्याचा आकडा १ टाकूनच पाठवतात. पहिल्याच राउटरवर तो शून्य होतो आणि तुम्ही तीन दिवस पिम तपासत बसता.

माझा सल्ला? पन्नासेक खोल्यांपर्यंत हे राउटिंग करूच नका. हेडएंड आणि टीव्ही एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा, बिलिंग आणि वायफाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये, स्नूपिंग आणि क्वेरियर नीट. पिमची गरजच उरत नाही. गिऱ्हाइकाला अवघड काम विकण्यात मोठेपणा नाही.

आता जोडीचे दोन प्रकार. स्टॅकमध्ये दोन डबे एका मेंदूनं चालतात. सोपं, पण मेंदू अडकला किंवा फर्मवेअर बदललं तर दोन्ही एकदम झोपण्याची शक्यता असते. दुसरा प्रकार एमलॅग, सिस्कोच्या नेक्ससमध्ये त्याला व्हीपीसी म्हणतात. इथे दोन मेंदू, दोघांमध्ये एक जाड पीअर लिंक, आणि ‘जिवंत आहेस ना?’ विचारणारी एक वेगळी वाट. त्यातला लूप टाळायचा नियम छान आहे. पीअर लिंकवरून आलेली फ्रेम, जे उपकरण दोन्ही डब्यांना जोडलेलं आहे आणि ज्याची दुसरी वायर चालू आहे, त्याच्याकडे पुन्हा सोडायची नाही. शेजाऱ्यानं ती आधीच पोचवलेली असते. पीअर लिंक तुटली आणि दोघं जिवंत असतील तर दुय्यम डबा आपले जोड-पोर्ट बंद करतो, दोघांनी एकाच वेळी मालकी सांगू नये म्हणून. म्हणूनच ती ‘जिवंत आहेस ना’ची वाट पीअर लिंकवरूनच नेऊ नका. ती तुटली की दोघांनाही समोरचा मेला असं वाटेल आणि दोघंही मालक होतील. मजल्यांचे स्विच दोन्हीकडे जोडता, ते ठीक. पण हेडएंड आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर? त्यांना बहुधा एकाच डब्याला जोडलेलं असतं. तो डबा गेला की साठही चॅनेल गेले. कसली रिडंडन्सी?

म्हणून मी छोट्या गिऱ्हाइकाला आता वेगळंच सुचवतो. एक चांगला कोअर स्विच. त्याच मॉडेलचा दुसरा, त्याच्यात तीच कॉन्फिगरेशन आधीच भरलेली, कपाटात खोक्यात. रॅकच्या दारावर आतून एक कागद, कुठली केबल कुठल्या पोर्टात, आणि प्रत्येक केबलला लेबल. पहिला मेला तर हॉटेलचा इलेक्ट्रिशियन फोनवर तुमच्याशी बोलत अर्ध्या तासात बदलू शकतो. दोन नगांचा खर्च तोच, तुमचा नफा तोच, लूपची एक शक्यता कमी. अर्धा तासही परवडत नाही अशी ठिकाणं वेगळी. हॉस्पिटल, मोठा कारखाना, कंट्रोल रूम. तिथे जोडी हवीच, आणि तिथे तुम्हाला जमत नसेल तर जमणाऱ्याला सोबत घ्या, त्याचे पैसे त्याला द्या.

तुमचा युक्तिवाद मला पाठ आहे. “सर, पार्टीच दोन मागते. समोरचा कॉन्फिगरेशन फुकट देतो. आम्ही पैसे लावले तर काम जाईल.” जाईल, काही वेळा जाईल. पण फुकट दिलेलं कॉन्फिगरेशन फुकटच्या लायकीचं होतं, हे मी त्या रविवारी पाहिलंय. माझी शेवटच्या हप्त्याची १८,००० ची रक्कम मालकानं रोखली आणि मला ती मागायला तोंड नव्हतं. कोटेशनमध्ये वेगळी ओळ लिहा: ‘कॉन्फिगरेशन, लूप व फेलओव्हर चाचणी, नोंदवही.’ पुढे तासांचा दर. मालक विचारेल, हे कशाचे? त्याला म्हणा, काम संपल्यावर तुमच्यासमोर मी एका चालू स्विचची वायर उपटणार आहे आणि टीव्ही बघत बसणार आहे. दुसऱ्या कोटेशनवाल्याला तेवढं विचारून बघा.

आणि मग खरंच उपटा. मोबाइलवर सेकंद मोजा आणि आकडा वहीत लिहा. दोन भिंतीच्या पोर्टांत मुद्दाम एकच कॉर्ड लावा आणि फक्त तो पोर्ट बंद होतो का बघा. एक टीव्ही दहा मिनिटं हात न लावता चालू ठेवा, चहा प्या. सगळ्या खोल्यांतले टीव्ही एकदम लावायला सांगा. पाहुणे नसताना, सोमवारी दुपारी. खाली मालकाची सही घ्या. ही सही पुढच्या गिऱ्हाइकाकडे तुमच्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा जास्त काम करते.

शिकायला फार पैसे लागत नाहीत. स्पॅनिंग ट्री सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर फुकट खेळता येतं. मल्टिकास्टसाठी लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने मॅनेज्ड स्विच घ्या. एका लॅपटॉपवर व्हीएलसीनं व्हिडिओ गट-पत्त्यावर सोडा, दुसऱ्यावर बघा, तिसऱ्यावर वायरशार्क लावून न मागता काय येतंय ते पाहा. तिसऱ्या लॅपटॉपवर प्रवाह दिसला तर स्नूपिंग फसलं. क्वेरियर बंद करून घड्याळ लावा. स्वतःच्या डोळ्यांनी चित्र थिजताना बघितलं की हा धडा विसरत नाही.

तुमची एखादी साइट आत्ता चालू असेल तर या आठवड्यात एवढंच करा: तिथे रूट कोण आहे ते बघा. परवा मी हे सांगितल्यावर एकानं मला फोटो पाठवला. तीन मजल्यांचं मंगल कार्यालय, रॅकमध्ये चकाचक दोन कोअर. आणि रूट होता गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमधला आठ पोर्टचा जुना स्विच, ज्याची पिन वॉचमन मोबाइल चार्ज करायला रोज रात्री काढतो.